अनुदानाचा निर्णय कोणाच्या हाती?

(जिल्ह्यातील स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जिल्ह्यात काम करणाऱ्या लहान लहान संस्थांना आधार देणारा एक स्थायी निधी जिल्ह्यातच उभारावा, असा विचार आपल्यामध्ये चालू आहे. त्या निधीत पैसा कोणाचा असावा, तो कोणाला द्यावा आणि हे ठरविण्याची रीत कोणती असावी, याविषयी अर्थशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकाने काही बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा दिसतो. वास्तविक तो सत्तेचा आहे, आणि म्हणूनच त्याची चर्चा निधी उभा राहण्यापूर्वी झाली पाहिजे. पैसा जमा झाला, घटना नोंदली गेली, विश्वस्त आपापल्या खुर्च्यांवर बसले, म्हणजे असले प्रश्न विचारणे अवघड होऊन बसते.

ज्याला इंग्रजीत 'कम्युनिटी फाउंडेशन' म्हणतात, त्याला आपण 'समाजनिधी' म्हणू. एखाद्या घराण्याने किंवा कंपनीने स्थापन केलेल्या विश्वस्त निधीहून तो वेगळा असतो. त्याचा प्रदेश ठरलेला असतो: एखादे शहर, एखादा जिल्हा, फार तर लगतचे दोन-तीन जिल्हे. त्या प्रदेशातील अनेक दात्यांचा पैसा त्यात एकत्र येतो. मूळ रक्कम गुंतवून ठेवली जाते आणि तिच्या उत्पन्नातून त्याच प्रदेशातील दवाखाने, वाचनालये, पाळणाघरे, कामगारवस्तीतील मंडळे यांना अनुदाने दिली जातात. ही कल्पना ज्या शहरात जन्मली, त्या शहराचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आज आपल्यासमोर आहे. त्यात घेण्याजोगे पुष्कळ आहे आणि टाळण्याजोगेही आहे. म्हणून आधी त्या शहराकडे वळू आणि मग आपल्या जिल्ह्याकडे येऊ.

बँकेच्या कचेरीत जन्मलेली कल्पना

अमेरिकेतील ओहायो राज्यात एरी सरोवराच्या काठी क्लीव्हलंड हे शहर वसले आहे. पोलाद, तेल, यंत्रे आणि जहाजवाहतूक यांवर ते वाढले. रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल कंपनी १८७० साली याच शहरात स्थापन झाली. तेथील क्लीव्हलंड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ यांनी २ जानेवारी १९१४ रोजी क्लीव्हलंड फाउंडेशनची स्थापना केली. जगातील पहिला समाजनिधी म्हणून तो ओळखला जातो.

गॉफ हे मूळचे वकील. श्रीमंतांनी मृत्युपत्रे करून धर्मादायासाठी ठेवलेल्या रकमा त्यांच्या बँकेकडे सांभाळण्यासाठी येत. त्या रकमांची एक अडचण त्यांच्या ध्यानात आली होती. दात्याने आपल्या काळात जे कारण लिहून ठेवले, ते पुढे कालबाह्य होते. पैसा मात्र त्याच कारणाला जखडलेला राहतो. सेंट लुइस शहरातील ब्रायन मुलान्फी या गृहस्थांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १८५१ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा पश्चिमेकडे वस्ती करण्यास निघालेल्या गरजू प्रवाशांच्या मदतीसाठी त्यांनी आपल्या संपत्तीचा एक हिस्सा ठेवला होता. पुढे आगगाड्या धावू लागल्या, बैलगाड्यांचे तांडे संपले. निधी उरला, पण ज्यांच्यासाठी तो होता ते प्रवासी उरले नाहीत. मेलेल्या माणसाचा हात जिवंतांच्या पैशावर असा आवळलेला राहतो. कायद्याच्या भाषेत त्याला 'मृत हात' असेच म्हणतात. आपल्याकडेही गावोगावी अशा धर्मशाळा आहेत, की ज्यांचे उत्पन्न चालू आहे आणि यात्रेकरू मात्र केव्हाच दुसरीकडे उतरू लागले आहेत. मूळ हेतू निरुपयोगी झाल्यास न्यायालयाकडून तो बदलून घेण्याची तरतूद आपल्या १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यातही आहे; पण त्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

गॉफ यांनी यावर जो उपाय काढला, तो व्यवहारी होता. अनेकांच्या देणग्या एकत्र कराव्यात, त्यांची गुंतवणूक बँकेने पाहावी, पण उत्पन्न कोणाला द्यायचे हे बँकेने ठरवू नये. ते एका स्वतंत्र वाटप समितीने ठरवावे, आणि दात्याने सांगितलेले कारण कालबाह्य झाले तर ते बदलण्याचा अधिकार त्या समितीस असावा. पैसा सांभाळणारे आणि पैसा वाटणारे यांची ही फारकत मला या कल्पनेतील सर्वांत मोलाचा भाग वाटते. आपल्याकडील अनेक विश्वस्त संस्थांत तेच चार लोक पैसा गोळा करतात, तेच गुंतवतात, तेच वाटतात आणि हिशेबही तेच तपासून घेतात.

आता ही वाटप समिती कशी होती, ते पाहा. पाच सदस्यांपैकी दोन बँकेने नेमावयाचे आणि उरलेले तिघे नगराध्यक्ष, मृत्युपत्रांच्या न्यायालयाचे न्यायाधीश आणि संघराज्याच्या न्यायालयाचे न्यायाधीश यांनी प्रत्येकी एक असे नेमावयाचे. म्हणजे बहुमत सार्वजनिक पदाधिकाऱ्यांनी नेमलेल्यांचे. एका बँकरच्या दृष्टीने १९१४ साली हे पाऊल धाडसाचेच होते. परंतु शहराच्या भट्ट्यांत आणि गोद्यांत घाम गाळणाऱ्या, बहुतांशी पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेल्या मजुरांनी नेमलेला एकही सदस्य त्या पाचांत असण्याची सोय नव्हती. ज्यांच्या श्रमातून ती संपत्ती निर्माण झाली, ते या योजनेत फक्त लाभार्थी होते. 'समाज' हा शब्द नावात आला. समितीत मात्र समाजाचा वरचा थर आला. पुढल्या शंभर वर्षांच्या गुणदोषांचे बीज या रचनेत आहे.

एक गुण आरंभीच दिसला. दाते हयात असल्यामुळे पहिली काही वर्षे निधीकडे वाटण्यासारखा पैसा फारसा नव्हता. तेव्हा त्यांनी अभ्यास हाती घेतला. १९१५-१६ साली लिओनार्ड एअर्स यांच्या नेतृत्वाखाली शहरातील शाळांची सविस्तर पाहणी झाली. १९२१-२२ साली गुन्हेगारी आणि न्यायव्यवस्थेची पाहणी झाली. तिचे नेतृत्व रॉस्को पाउंड आणि पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी केले. अनुदान देण्याआधी प्रश्न समजून घ्यावा आणि जे आढळेल ते, सत्ताधाऱ्यांना रुचो वा न रुचो, छापून लोकांपुढे ठेवावे, हा धडा कोणत्याही निधीने गिरवावा असा आहे.

ठिगळ आणि वस्त्र

या निधीची वाढ होत गेली. आज त्याची मालमत्ता दोन अब्ज डॉलरांहून अधिक आहे. शहराचे मात्र काय झाले? १९५० साली क्लीव्हलंडची लोकसंख्या ९ लाख १४ हजार होती. २०२०च्या शिरगणतीत ती ३ लाख ७२ हजारांवर आली. कारखाने गेले, गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला, आणि मागे राहिलेल्या काळ्या वस्त्यांत पडक्या घरांचे भाडे तेवढे चढे राहिले. जुलै १९६६ मध्ये हफ या वस्तीत दंगल उसळली आणि चार माणसे मेली. पुढल्याच वर्षी कार्ल स्टोक्स हे निवडून आले. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहराचे ते पहिले काळे महापौर.

त्या निवडणुकीआधी फोर्ड फाउंडेशन या दुसऱ्या, खाजगी प्रतिष्ठानाने क्लीव्हलंडमधील 'कोअर' या नागरी हक्कांच्या संघटनेला मतदारनोंदणीसह इतर कामांसाठी अनुदान दिले होते. अनुदानाने पाळणाघर चालविले तर कोणाची हरकत नसते. त्याच अनुदानाने गरिबांची नावे मतदारयादीत घातली की गहजब होतो. तसा तो झाला, आणि १९६९च्या करसुधारणा कायद्यात खाजगी प्रतिष्ठानांवर जे निर्बंध आले, त्यांना या प्रकरणाची पार्श्वभूमी होती. समाजनिधींची गणना मात्र त्या कायद्याने सार्वजनिक संस्थांमध्ये केली. अट एवढीच, की त्यांचा पैसा एकदोघांकडून नव्हे, पुष्कळांकडून येत असला पाहिजे. दात्यांची संख्या हीच निधीच्या सार्वजनिकतेची कसोटी, हे तत्त्व लक्षात ठेवावे. आपल्याला ते पुढे लागणार आहे.

यानंतरचा प्रसंग १९७८ सालचा आहे. डेनिस कुसिनिच हे बत्तीस वर्षांचे तरुण महापौर होते. शहराच्या मालकीची एक लहान वीजकंपनी होती आणि ती खाजगी वीजकंपनीला विकावी, असा दबाव त्यांच्यावर होता. त्यांनी नकार दिला. सुमारे दीड कोटी डॉलरांच्या अल्पमुदतीच्या कर्जाची मुदत वाढवून देण्यास स्थानिक बँका तयार झाल्या नाहीत, आणि १५ डिसेंबर १९७८ रोजी क्लीव्हलंड शहराची कर्जफेड थकली. महामंदीनंतर एखाद्या मोठ्या अमेरिकन शहरावर आलेला हा पहिला प्रसंग. या बँकांच्या अग्रभागी होती क्लीव्हलंड ट्रस्ट, म्हणजे गॉफ यांचीच बँक. फाउंडेशनचा या निर्णयात हात होता असे मी मुळीच म्हणत नाही. तोपर्यंत त्याच्या निधीचा सांभाळ अनेक बँकांकडे वाटला गेला होता आणि वाटप समिती स्वतंत्र होती. नागरिकांनी पुढे फेब्रुवारी १९७९ मध्ये मतदान करून आपली वीजकंपनी राखली आणि स्वतःवर वाढीव प्राप्तिकरही लादून घेतला.

मला या प्रसंगातून निघणारा अर्थशास्त्रीय निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. अनुदान हे ठिगळ असते. वस्त्र कोठे आणि कसे विणले जाते हे कर्ज, कर, गुंतवणूक आणि मालकी यांवर ठरते. ज्या शहरात वर्षानुवर्षे उदार हाताने अनुदाने वाटली गेली, त्या शहराचे भवितव्य एका रात्री बँकांच्या बैठकीत ठरू शकले. म्हणून अनुदान निरर्थक आहे असे नाही. थंडीत कुडकुडणाऱ्याला ठिगळाचीही किंमत असते. पण ठिगळाला वस्त्र समजण्याची चूक दात्याने करू नये आणि कार्यकर्त्याने तर कदापि करू नये.

अनुदानाकडून मालकीकडे

क्लीव्हलंड फाउंडेशनलाही हे उमगले असावे, असे त्याच्या अलीकडच्या कामावरून दिसते. शहराच्या पूर्व भागात मोठी रुग्णालये आणि विद्यापीठ आहे. त्यांची वार्षिक खरेदी प्रचंड. पण भोवतालच्या दरिद्री वस्त्यांच्या वाट्याला त्यातले जवळजवळ काहीच येत नसे. २००८ साली फाउंडेशनने या संस्थांना आणि नगरपालिकेला एकत्र बसवून एक योजना आखली. रुग्णालयांच्या चादरी धुण्याचे काम त्याच वस्तीतील कामगारांच्या मालकीच्या सहकारी धुलाईगृहाला का मिळू नये? स्पेनमधील मोंद्रागॉनच्या कामगार सहकारी संस्थांचा अभ्यास करून 'एव्हरग्रीन' या नावाने २००९ साली धुलाईगृह सुरू झाले. मागाहून सौरऊर्जेचे आणि काचघरातील भाजीचे उद्योग निघाले. इंग्लंडमधील प्रेस्टन या शहराने त्यापासून स्फूर्ती घेतली.

या प्रयोगाचे अवास्तव कौतुक करू नये. आरंभीची वर्षे ओढग्रस्तीची गेली. भाजीच्या उद्योगाला विशेष अडचणी आल्या. आजही तेथील कामगार हजारांत नव्हे, शेकड्यांत मोजावे लागतात. तरीदेखील २०१८ साली क्लीव्हलंड क्लिनिक या बड्या रुग्णालयाने आपल्या धुलाईचे काम या सहकारी संस्थेकडे सोपविले. महाराष्ट्रात सहकाराचा संसार थाटलेला आणि मोडलेला आपण पाहिला आहे; त्यामुळे नुसत्या 'सहकार' या शब्दाने आपण हुरळून जाणार नाही. पण येथे अनुदानाने केलेले काम नीट पाहा. पैसा खर्चून संपला नाही; त्यातून श्रमिकाची मालकी आणि गिऱ्हाईक अशा दोन गोष्टी उभ्या राहिल्या.

याच समाजनिधींच्या जगात उलट दिशेचा प्रवाहही वाहतो आहे. अमेरिकेत हल्ली अनेक समाजनिधींतील मोठा हिस्सा अशा खात्यांत असतो, की ज्यांचे वाटप दात्याच्या सल्ल्याने होते. करसवलत दात्याला रक्कम भरताच मिळते. ती रक्कम संस्थांपर्यंत अमुक वर्षांत पोचलीच पाहिजे, असे बंधन मात्र कायद्यात नाही. म्हणजे ज्या वाटप समितीच्या स्वातंत्र्यासाठी गॉफ यांनी एवढा खटाटोप केला, तिला वळसा घालून मृत हाताच्या जागी जिवंत हात येऊन बसला. आणि करसवलत म्हणजे काय? सरकारी तिजोरीत येणारा जो पैसा आला नाही, तो. त्या मर्यादेत प्रत्येक सवलतप्राप्त देणगीत सामान्य करदात्याचा वाटा असतो. म्हणून निर्णयात लोकांना स्थान मागणे ही दात्याच्या घरात केलेली घुसखोरी ठरत नाही.

आपल्याकडील वाटा

आता आपल्या परिस्थितीकडे येऊ. जिल्ह्यातील लहान संस्थेपुढे आज पैशाचे तीन मोठे दरवाजे आहेत. पहिला सरकारी अनुदानाचा. तो उघडतो, पण केव्हा उघडेल ते सांगता येत नाही. दुसरा कंपन्यांचा. २०१३च्या कंपनी कायद्यातील कलम १३५नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावयाचे असतात. त्यात कंपनी जेथे चालते त्या परिसराला अग्रक्रम द्यावा, असे कायदाच सांगतो. याचा उघड परिणाम असा, की जेथे कारखाने तेथे निधी; ज्या तालुक्यात उद्योग नाही, म्हणजे जेथे गरज अधिक, तेथे हा झरा पोचत नाही. तिसरा दरवाजा परदेशी देणग्यांचा. २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी केली. मोठ्या संस्थेने पैसा आणावा आणि खेड्यातील दहा लहान संस्थांना वाटावा, ही जी साखळी होती ती तुटली. समाजनिधीचे नेमके हेच तर काम! ते यापुढे देशी पैशावरच करावे लागेल, आणि एका परीने ते योग्यही आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १९८०च्या दशकात डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदींनी सामाजिक कृतज्ञता निधीची उभारणी केली. 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग करून कलावंतांनी त्यासाठी पैसा जमविला, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्या कामाची धुरा दीर्घकाळ वाहिली. या निधीचे वैशिष्ट्य असे, की त्याने प्रकल्पाऐवजी पूर्णवेळ कार्यकर्त्याला मानधन दिले. देणाऱ्यांना इमारत आवडते, कारण तिच्यावर पाटी लावता येते. हिशेबनिसाच्या पगारावर, एसटीच्या तिकिटावर आणि कचेरीच्या भाड्यावर पाटी लावता येत नाही. आणि संस्था बंद पडतात त्या याच खर्चावाचून. त्यातही 'कृतज्ञता' हा शब्द फार विचारपूर्वक योजलेला आहे. देणारा येथे उपकारकर्ता नाही, ऋणको आहे.

हिशेब आणि घटना

आता थोडा हिशेब. समजा, जिल्ह्यातील निधीने दरसाल एक कोटी रुपये वाटावेत असे आपण ठरविले. मूळ रकमेची खरेदीशक्ती महागाईत झिजू द्यायची नाही, तर तिच्यातून चार टक्क्यांच्या आसपासच खर्च करणे शहाणपणाचे. म्हणजे पंचवीस कोटींची ठेव हवी. एवढी रक्कम द्यायला पुढे येतील ते एकदोन उद्योगपती किंवा साखरसम्राट, आणि मग समितीत कोण बसेल हे सांगायला ज्योतिषी नको. दुसरी वाट पाहा. जिल्ह्याची लोकसंख्या वीस लाख धरली, तर तिच्यातील एक टक्का म्हणजे वीस हजार माणसे. प्रत्येकाने वर्षाला पाचशे रुपये दिले की एक कोटी होतात. दरमहा पंधरा हजार मानधन धरले, तर त्या रकमेत पंचावन्न पूर्णवेळ कार्यकर्ते वर्षभर उभे राहतात. वीस हजार दारे ठोठावणे ठेव मिळविण्याहून कष्टाचे आहे, आणि दरसाल ते पुन्हा करावे लागेल, हे मला मान्य आहे. पण त्या कष्टातच निधीची सार्वजनिकता आहे. ज्या वर्षी लोक पैसे देणार नाहीत, त्या वर्षी आपले काय चुकते हे कळेल. ठेवीचे व्याज ही गोष्ट कधीच सांगत नाही. मोठी देणगी नाकारावी असे मी म्हणत नाही. ती ठेवीत घालावी, आणि तिच्यासोबत खुर्ची देऊ नये.

यास्तव निधीच्या घटनेत पुढील गोष्टी असाव्यात, असे मी सुचवितो. पैसा सांभाळणारे मंडळ आणि वाटप समिती वेगवेगळ्या असाव्यात. वाटप समितीत निम्म्याहून अधिक सदस्य शेतमजूर, ऊसतोड कामगार, भटके-विमुक्त, आदिवासी, घरकामगार स्त्रिया अशा समूहांतील असावेत; आणि ज्या संस्थेशी सदस्याचा संबंध आहे, तिच्या अर्जाच्या वेळी त्याने बैठकीबाहेर जावे. अर्ज मराठीत, दोन पानांचा असावा. कारण इंग्रजी अर्ज लिहिणारा माणूस ठेवण्याची ऐपत ज्या संस्थेत आहे, तिला आपल्या निधीची तेवढी निकड नाही. अनुदान किमान तीन वर्षांचे असावे, आणि त्यातून पगार व भाडे देण्यास मोकळीक असावी. मंजूर-नामंजूर अर्जांची यादी कारणांसह दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. आणि शेवटचे कलम असे, की जे काम शासनाचे कर्तव्य आहे, ते निधीने कायमचे अंगावर घेऊ नये. शाळेत शिक्षक नसेल तर स्वयंसेवक जरूर द्यावा. पण शिक्षकाची नेमणूक मागणाऱ्या पालकसभेलाही त्याच वेळी बळ द्यावे.

या शेवटच्या कलमावरून वाद होईल. तुमच्यातीलच काहीजण म्हणतील, की हक्कांसाठी भांडणाऱ्या संघटनांना पैसा दिला तर व्यापारी देणग्या बंद करतील आणि अधिकारी नाराज होतील. ही भीती खोटी नाही; फोर्ड फाउंडेशनसारख्या बलाढ्य प्रतिष्ठानालाही मतदारनोंदणी महाग पडली. परंतु ज्या निधीचे वीस हजार मालक असतील, त्याला पाच व्यापाऱ्यांची नाराजी सोसवेल. ज्याचा मालक एकच असेल, त्याला एकाचीही सोसवणार नाही.

क्लीव्हलंड फाउंडेशनने २०२३ साली आपले मुख्य कार्यालय शहराच्या व्यापारी पेठेतून हलवून हफ वस्तीच्या वेशीवर नेले. बँकेच्या कचेरीपासून त्या वस्तीपर्यंत यायला त्याला एकशे नऊ वर्षे लागली. आपल्याला तो प्रवास करण्याचे कारण नाही, कारण आपली सुरुवातच वस्तीतून होणार आहे. पुढल्या बैठकीत घटनेचा मसुदा तुमच्यापुढे येईल, तेव्हा प्रथम वाटप समितीचे कलम वाचा, त्यावर मनसोक्त भांडा, आणि ते पक्के झाल्यावाचून पावतीपुस्तके छापायला देऊ नका, एवढीच माझी विनंती आहे.